ग्रंथप्रसिद्धी : सुशिक्षित महिलांसाठी एक स्वतंत्र व्यवसाय

ग्रंथ छापून झाला म्हणजे तो प्रकाशित झाला, अशी एक सर्वसाधारण समजूत आपल्याकडे आढळते. मुद्रणालयातून पुस्तकांचे गठ्ठे येतात, एखाद्या मान्यवराच्या हस्ते प्रकाशन-समारंभ होतो, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र येते, आणि त्यानंतर उरलेले गठ्ठे माळ्यावर जाऊन बसतात. गोव्यात मराठी पुस्तके स्वखर्चाने काढणारे लेखक पुष्कळ आहेत. त्यांना हे दृश्य नवे नाही. भेटीदाखल वाटलेल्या प्रती वजा जाता बाकीच्यांचे काय झाले, हा प्रश्न स्नेहीमंडळी सौजन्याने विचारीत नाहीत, इतकेच.

वास्तविक एखादे पुस्तक निघाले आहे ही वार्ता, ज्याला त्या पुस्तकाची गरज आहे नेमक्या त्याच्यापर्यंत पोचविणे, हे लेखनाहून आणि छपाईहून वेगळे असे एक काम आहे. त्यास ग्रंथप्रसिद्धी म्हणतात. जाहिरात आणि प्रसिद्धी यांत पुष्कळदा गल्लत केली जाते. जाहिरातीसाठी वृत्तपत्रातील जागा पैसे मोजून घ्यावी लागते. प्रसिद्धीत परीक्षण, मुलाखत, वृत्त किंवा चर्चा या रूपाने ती जागा पुस्तकाच्या गुणावर मिळवावी लागते. विक्री ही तिसरीच गोष्ट, ती विक्रेत्याची. प्रसिद्धी करणाऱ्याने पुस्तक आणि वाचक यांची ओळख करून दिली की त्याचे काम संपले.

हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला, आणि फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. छपाईची परंपरा आपल्यास नवी नाही. उणीव आहे ती छापलेल्या ग्रंथाची वार्ता डिचोलीहून बेळगावास, बेळगावाहून इंदूर-बडोद्यास नेणाऱ्या माणसांची. हे काम नोकरी म्हणून नव्हे, तर स्वतःचा व्यवसाय म्हणून एखाद्या पदवीधर महिलेने करता येण्याजोगे आहे, आणि अन्यत्र ते यशस्वीपणे केले गेले आहे.

लंडनमधील एक उदाहरण

कार्मेन कॅलिल यांचा जन्म १९३८ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झाला. वडील लेबनानी वंशाचे. ते कार्मेन लहान असतानाच वारले. कॉन्व्हेंट शाळेत शिक्षण झाल्यावर त्यांनी मेलबर्न विद्यापीठाची बी. ए. पदवी घेतली आणि १९६० नंतर त्या युरोपात गेल्या. लंडनमध्ये आरंभी त्यांनी एका मोठ्या कापड-किराणा दुकानसंस्थेत खरेदी-साहाय्यक म्हणून नोकरी केली. पुढे त्यांनी 'टाइम्स' या वृत्तपत्रात एक छोटी जाहिरात दिली : आपण ऑस्ट्रेलियन असून बी. ए. आहोत आणि ग्रंथप्रकाशनात नोकरी हवी आहे. त्यावरून त्यांना काम मिळाले. पुढे आयुष्यभर इतरांच्या पुस्तकांची प्रसिद्धी करणाऱ्या या बाईंनी पहिली प्रसिद्धी स्वतःची केली, असे म्हणता येईल.

त्या काळी इंग्लंडमधील प्रकाशनसंस्थांत संपादकाच्या खुर्चीपर्यंत स्त्रिया क्वचितच पोचत. टंकलेखन आणि प्रसिद्धी हीच दोन दारे त्यांच्यासाठी विशेषेकरून उघडी होती, आणि प्रसिद्धीचे काम तर दुय्यम, जवळजवळ आदरातिथ्याचेच, मानले जाई. कॅलिलबाई १९६७ ते १९७० या काळात पँथर बुक्स व ग्रॅनाडा या संस्थांत प्रसिद्धी-व्यवस्थापक होत्या. जर्मेन ग्रीअर यांचा 'द फीमेल यूनक' हा १९७० मध्ये निघालेला आणि जगभर गाजलेला ग्रंथ याच समूहाचा. त्याच्या प्रसिद्धीत त्यांचा वाटा होता. त्यानंतर आंद्रे डॉइच या प्रकाशनसंस्थेत काही काळ काढल्यावर १९७२ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांनी 'कार्मेन कॅलिल लिमिटेड' या नावाने स्वतःची ग्रंथप्रसिद्धी-संस्था काढली. हॅरिएट स्पायसर या तरुणीस त्यांनी साहाय्यक म्हणून घेतले. कामाचे स्वरूप सोपे होते : निरनिराळ्या प्रकाशकांची निवडक पुस्तके घ्यावयाची, त्यांची प्रसिद्धी करावयाची आणि ठरलेले शुल्क घ्यावयाचे.

पुढे काय झाले ते अधिक बोधप्रद आहे. वर्षानुवर्षे इतरांची पुस्तके वाचताना आणि परीक्षकांशी बोलताना कॅलिलबाईंच्या लक्षात आले, की स्त्रियांनी लिहिलेली व स्त्रियांच्या जीवनाविषयीची पुस्तके वाचणारा मोठा वर्ग आहे. त्याच्यासाठी पुस्तके मात्र निघत नाहीत. १९७३ मध्ये रोझी बॉयकॉट व मार्शा रो यांच्या सहकार्याने 'व्हिरागो' ही प्रकाशनसंस्था त्यांनी उभी केली. या शब्दाचा मूळ अर्थ वीरांगना. रोजच्या इंग्रजीत कजाग बाईलाही तो लावतात. दोन्ही अर्थ ठाऊक असूनच तो निवडला गेला. आरंभीच्या वर्षांत या नव्या संस्थेच्या खर्चाचा भार प्रसिद्धी-व्यवसायाच्या उत्पन्नाने उचलला, आणि दोन्हींचा कारभार कॅलिलबाईंच्या राहत्या घरातून चाले. १९७५ मध्ये व्हिरागोचे पहिले पुस्तक निघाले. त्याचे नाव 'फेनविमेन'. इंग्लंडच्या पूर्व भागातील दलदलीच्या प्रदेशातील एका खेड्यात राहणाऱ्या स्त्रियांनी सांगितलेल्या त्यांच्या स्वतःच्या हकिकती मेरी चेंबरलेन यांनी त्यात एकत्र केल्या होत्या. लंडनच्या नव्या प्रकाशनसंस्थेने पहिला मान खेड्यातील बायांच्या बोलण्यास द्यावा, ही गोष्ट आमच्या ग्रामीण भागातील शिक्षिकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१९७६ साली व्हिरागो स्वतंत्र झाली तेव्हा तिचे भांडवल अवघे १,५०० पौंड होते. बाकी बँकेचे कर्ज. १९७८ पासून त्यांनी विस्मरणात गेलेल्या लेखिकांच्या कादंबऱ्या हिरव्या पाठीच्या ग्रंथमालेत पुन्हा छापण्यास आरंभ केला. पहिली होती अँटोनिया व्हाइट यांची 'फ्रॉस्ट इन मे', मूळ प्रकाशन १९३३. याच मालेत पुढे १९८८ साली लखनौच्या अतिया हुसेन यांची 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' ही फाळणीपूर्व काळाची कादंबरी नव्याने वाचकांसमोर आली. पुस्तकाची हिरवी पाठ दिसताच वाचक ती हातात घेत, आणि ही युक्ती मूलतः प्रसिद्धीच्या अनुभवातूनच आलेली आहे. १९८२ मध्ये कॅलिलबाई 'चॅटो अँड विंडस' या जुन्या प्रकाशनसंस्थेच्या व्यवस्थापकीय संचालक झाल्या, २०१७ मध्ये त्यांना 'डेम' हा किताब मिळाला, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात लंडन येथे त्यांचे निधन झाले. आपल्या देशातही १९८४ साली उर्वशी बुटालिया व रितू मेनन यांनी दिल्लीत 'काली फॉर विमेन' ही स्त्रियांनी चालविलेली प्रकाशनसंस्था काढली होती. परंतु तो प्रकाशनाचा विषय झाला. येथे आपल्यास प्रसिद्धीचा विचार करावयाचा आहे.

ज्या १९३३ साली 'फ्रॉस्ट इन मे' प्रथम निघाली, त्याच साली मराठीत विभावरी शिरूरकर यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह ह. वि. मोटे यांनी प्रकाशित केला. लेखिकेचे नाव टोपण होते आणि ते गुप्त राखले गेले. 'ही विभावरी शिरूरकर कोण?' या प्रश्नाने महाराष्ट्र ढवळून निघाला. मालतीबाई बेडेकरांचे लेखन मुळात सकस होते म्हणून ते टिकले, हे खरे. पण ते इतक्या लवकर घरोघरी पोचले त्यात त्या गूढ नावाचाही भाग होता. मराठीत ग्रंथप्रसिद्धीची जाण नव्हती असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण आठवावे.

काम कसे चालते

या व्यवसायाचे पहिले साधन म्हणजे वाचन. पुस्तक आरंभापासून अखेरपर्यंत न वाचता त्याची प्रसिद्धी हाती घेऊ नये. वाचताना मनाशी एकच प्रश्न ठेवावा : हे पुस्तक निघाले आहे असे कळले तर कोणास आनंद होईल?

समजा, एका निवृत्त शिक्षकांनी गोव्यातील खाजन शेतीवर पुस्तक लिहिले आहे. बांध कसे घालतात, मानशीतून भरतीचे पाणी कसे आत-बाहेर सोडतात, खाऱ्या जमिनीत तगणारे कोरगुट भात कसे पिकवितात, याची माहिती त्यात आहे. सर्वसाधारण कल्पनेप्रमाणे याचे परीक्षण पणजीच्या दोन-तीन दैनिकांत आले म्हणजे झाले. जाणती प्रसिद्धिकार एवढ्यावर थांबणार नाही. ती शेतीविषयक मासिकांची नावे लिहून काढील. विद्यापीठातील इतिहास, भूगोल व पर्यावरण या विषयांच्या अध्यापकांची यादी करील. खाजन क्षेत्र असलेल्या गावांतील शाळा व शेतकरी संघटना यांची नोंद करील. आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे खारजमीन कसणारे शेतकरी आहेत हे तिला ठाऊक असेल. आकाशवाणीच्या पणजी केंद्रावर शेतकऱ्यांसाठी होणाऱ्या कार्यक्रमात लेखकांची मुलाखत होऊ शकते का, हेही ती विचारून पाहील. एका पुस्तकासाठी अशी शंभर नावांची यादी झाली की निम्मे काम झाले. ती यादी पुस्तकागणिक नवी करावी लागते. जुनीच यादी प्रत्येक पुस्तकास लावणे म्हणजे कवितासंग्रह कृषी अधिकाऱ्यास आणि खाजनावरील पुस्तक कथालेखकास पाठविणे.

यानंतर परिचयपत्रक. ते एका पृष्ठाचे असावे. पुस्तकात काय आहे, लेखकाला या विषयाचा अधिकार काय, पृष्ठे किती, किंमत किती, प्रत कोठे मिळेल, एवढे त्यात हवे. शासकीय पत्रके लिहिण्यात ज्यांची हयात गेली त्या आम्हा मंडळींची लेखणी 'शुभहस्ते' आणि 'प्रमुख उपस्थिती' यांकडे आपोआप वळते; परंतु समारंभास कोण उपस्थित होते यावरून कोणीही पुस्तक विकत घेत नाही. 'अप्रतिम', 'अजोड', 'संग्राह्य' ही विशेषणे परीक्षकाने वापरावयाची असतात. पत्रकात ती आली की संपादक सावध होतो. पत्रकाऐवजी पुस्तकातील एखादी ठोस माहिती पुढे करावी.

वेळेचे भान हे तिसरे साधन. मासिकांचे अंक कित्येक आठवडे आधी जुळविले जातात, दिवाळी अंकांचे साहित्य तर पावसाळ्यातच ठरते. दैनिकांच्या रविवार पुरवण्यांना इतका अवधी लागत नाही. ग्रंथालयांची खरेदी आर्थिक वर्षाशी बांधलेली असते, शाळांना जूनमध्ये अन्य व्यवधाने असतात. म्हणून पुस्तक छापून येण्यापूर्वी निदान तीन महिने प्रसिद्धीची आखणी सुरू झाली पाहिजे. प्रत्यक्षात लेखक येतो तो बहुधा प्रकाशन-समारंभ उरकल्यावर. अशा वेळी परीक्षणांची आशा थोडी असते हे त्यास स्पष्ट सांगावे आणि ग्रंथालये, वाचक-मंडळे, शाळा यांच्या भेटींवर भर द्यावा. भ्रमणध्वनीवरील वाचक-गट आणि समाजमाध्यमे यांचा उपयोग आहे. मात्र एकच मजकूर शंभर गटांत टाकल्याने पुस्तक खपते हा भ्रम होय. एका चांगल्या वाचकाने आपल्या गटात चार ओळी लिहिणे अधिक गुणकारी ठरते.

प्रत पाठविल्यावर आठ-दहा दिवसांनी एकदा विचारणा करावी. दुसऱ्यांदा करावी की नाही हे माणूस पाहून ठरवावे. तिसऱ्यांदा करू नये. कोणास प्रत केव्हा पाठविली, पोच आली का, परीक्षण छापून आले का, याची एक नोंदवही ठेवावी. काही वर्षांनी ही नोंदवहीच व्यवसायाचे खरे भांडवल ठरते.

दोन पथ्ये अत्यंत कडक आहेत. परीक्षण छापून आणण्याची हमी कधीही देऊ नये, कारण ते संपादकाच्या अधिकारातील आहे. आणि आपण ज्या पुस्तकाचे शुल्क घेतले त्याचे परीक्षण स्वतः, किंवा दुसऱ्याच्या नावाने, कदापि लिहू नये. संपादकाचा विश्वास एकदा गेला की या धंद्यात परत येत नाही.

खर्च आणि मिळकत

उदाहरणादाखल एक हिशेब पाहू. पाचशे प्रतींची आवृत्ती, किंमत २५० रुपये. चाळीस प्रती परीक्षक, ग्रंथालये व आकाशवाणी यांना पाठवावयाच्या. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक ग्रंथांसाठी 'ज्ञान पोस्ट' ही स्वस्त सेवा सुरू केली. सुरू झाली तेव्हा तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि जास्तीत जास्त पाच किलोपर्यंत १०० रुपये असा होता, कर वेगळा. व्यापारी स्वरूपाची वा जाहिराती असलेली प्रकाशने तीत बसत नाहीत, आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशक यांचे नाव छापलेले असावे लागते. पुस्तक ३०० ग्रॅमच्या आत असेल तर चाळीस प्रतींचा टपालखर्च या दराने ८०० रुपये. पत्रके, दूरध्वनी व प्रवास यांस २,२०० रुपये धरले तर एकूण ३,००० रुपये झाले.

आता शुल्क १२,००० रुपये ठरविले तर लेखकाचा खर्च १५,००० रुपये होतो. विक्रेत्याची सूट चाळीस टक्के धरल्यास लेखकाच्या हाती प्रत्येक प्रतीमागे १५० रुपये पडतात; म्हणजे केवळ हा खर्च भरून निघण्यास शंभर प्रती, आवृत्तीचा पाचवा हिस्सा, जादा विकल्या गेल्या पाहिजेत. छोट्या आवृत्तीच्या लेखकास हे जड आहे, आणि येथेच पुष्कळ उत्साही माणसे अडतात. उपाय एकच : एका वेळी चार पुस्तके हाती घ्यावी. काणकोण किंवा पेडण्याच्या एका फेरीत चारही पुस्तके दाखविता येतात, म्हणून प्रत्येकाकडून पाच हजार घेतले तरी तीन महिन्यांचे वीस हजार होतात, आणि लेखकाचा खर्च आठ हजारांवर म्हणजे सुमारे चौपन्न प्रतींवर येतो. कॅलिलबाईंनीही एका प्रकाशकावर विसंबून न राहता अनेकांची कामे घेतली होती.

एवढ्या मिळकतीवर संसार चालणार नाही, हे उघड आहे. पहिली दोन वर्षे मुद्रितशोधन, सूची तयार करणे, संस्थांच्या स्मरणिकांचे संपादन अशी जोडकामे करावी लागतील. मात्र विक्रीवर दलाली घेण्याचा मोह टाळावा. विक्रीचा हिशेब विक्रेत्याकडून वेळेवर मिळत नाही आणि आपले कष्टाचे पैसे त्यात अडकून पडतात. निम्मे शुल्क आरंभी, निम्मे काम संपल्यावर, हे लेखी ठरवून घ्यावे. ओळखीच्या माणसाशी करार कसा करावा, असा संकोच विशेषतः आमच्या भगिनींना वाटतो. एका पानाच्या कागदाने ओळख तुटत नाही. तोंडी व्यवहाराने मात्र पुष्कळ ओळखी तुटलेल्या आहेत.

नोंदणी व साहाय्य

हा व्यवसाय एकट्या मालकीचा म्हणून घरातून सुरू करता येतो. 'उद्यम' नोंदणी आधार क्रमांकावरून स्वयंघोषणेने होते आणि ती पूर्णपणे विनाशुल्क आहे. तीसाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. संगणक व छपाईयंत्र यांसाठी कर्ज हवे असल्यास २०१५ पासून चालू असलेल्या मुद्रा योजनेतील 'शिशु' गटात पन्नास हजार रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. राज्याची मुख्यमंत्री रोजगार योजनाही आहे. तिच्या अटींची चौकशी पणजी येथे आर्थिक विकास महामंडळाच्या कार्यालयात करावी. सेवा-व्यवसायाची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांच्या आत असेल तर सामान्यतः वस्तू व सेवा करासाठी नोंदणी लागत नाही. व्यवसायाचे बँक खाते घरखर्चाच्या खात्यापासून निराळे ठेवावे. पंचायतीचा वा नगरपालिकेचा परवाना लागतो किंवा कसे, हे संबंधित कार्यालयात आधीच विचारून घ्यावे.

काम स्वीकारण्यापूर्वी लेखकास आणखी दोन गोष्टी विचाराव्या. पुस्तकास आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक घेतला आहे काय? हा क्रमांक केंद्र शासनाची राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्था विनामूल्य देते, आणि तो नसेल तर दूरच्या ग्रंथालयास वा विक्रेत्यास ते पुस्तक मागविणे अवघड जाते. दुसरे, १९५४ च्या ग्रंथप्रदान अधिनियमान्वये प्रकाशकाने प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत कोलकाता येथील राष्ट्रीय ग्रंथालयास, तसेच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियोजित ग्रंथालयांस प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवावयाची असते. स्वतःच पुस्तक काढणाऱ्या लेखकासही हे लागू आहे. या प्रती गेल्या आहेत काय? पुष्कळ लेखकांना हे ठाऊकच नसते. याबरोबरच एक प्रत पाटो-पणजी येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातही पोचवावी. १८३२ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयात गोव्याविषयीच्या पुस्तकांची विचारणा करीत देशोदेशीचे अभ्यासक येत असतात.